छत्तीस मिलिमीटर

थकबाकी जमा झाली मंगळवारी,
चौऱ्याण्णव हजार सहाशे.
त्यातून संडासाची लादी वजा,
निमिषच्या क्लासचा दुसरा हप्ता वजा,
भिशीचं राहिलेलं वजा.
उरलं ते कागदावर लिहिलं, घडी घातली,
पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.
म्हणजे कागद. पैसे बँकेतच.

"वेळ तर मोबाईलमध्ये दिसते की," हे म्हणाले.
दिसते.
पोळीसुद्धा बाहेर मिळते.

लोअर परळच्या मॉलमध्ये
काचेचं दार एका माणसाने माझ्यासाठी उघडलं,
तेव्हाच मी अर्धी परत फिरले होते.
आत गारवा आयसीयूइतका, आवाज त्याहून कमी.
पोराने पांढरे हातमोजे चढवले
आणि लगेच नाक खाजवलं.
मी गप्प. माझा वॉर्ड नव्हे.
"नाम, मॅडम?"
"घाडी."
"घडी तो बहुत हैं मॅडम. कौनसी दिखाऊँ?"
मी हसले. त्याला कळेना का.

मनगटावर ठेवलं त्याने,
तर कडा दोन्हीकडून बाहेर,
वाटीवर पातेल्याचं झाकण.
"आजकल बडा ही चलता है."
तीस मीटर पाण्यात टिकतं म्हणाला.
मी विचारलं, आणि सॅनिटायझरमध्ये?
किमतीची चिठ्ठी त्याने पालथी ठेवली होती,
नातेवाइकांसमोर आम्ही रिपोर्ट ठेवतो तशी.
मी उलटली. पुन्हा पालथी घातली.
पाणी मात्र प्यायले. पेला जड होता, छान होता.

मुर्तझाभाईंचं दुकान बझारगेटला, दुसरा मजला,
जिन्याला दोरी.
डोळ्याला भिंग, समोर मखमलीचा ट्रे, त्यात पाच.
"ही नको. डायल रंगवलेली, इकडेच भेंडीबाजारात.
चेहरा नवा, काळीज जुनं."
"ही पण नको. पॉलिश मारमारून कोपरे गेलेत,
साबणाच्या वडीसारखी झाली."
माणूस विकायला बसलाय की अडवायला?
"आणि ही?"
छत्तीस मिलिमीटर. चावी द्यायची.
साय धरलेल्या दुधाचा रंग, चारच्या आकड्यापाशी डाग.
"डाग आहे," ते म्हणाले. "पण तिचा स्वतःचा."

मागचं झाकण उघडून दाखवलं.
थिएटरला होते तेव्हा पोटं पाहिलीत उघडी,
इतकं नीटनेटकं एकही नव्हतं.
इवलंसं चाक जात होतं, येत होतं,
जात होतं, येत होतं,
कुणी न सांगता.

"दिवसाला वीस सेकंद मागे पडेल, आधीच सांगतो."
वीस सेकंद.
मला ठाऊक आहे वीस सेकंदांत काय काय होतं.
ट्रेवर परत ठेवलं मी.
खाली कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, ओरडत.

मग आठवलं, वॉर्डात चालतंच नाही काही कोपराखाली.
अंगठी नाही, बांगडी नाही, घड्याळ नाही.
नियम भिंतीवर लावलाय, माझ्याच अक्षरात.
म्हणजे ह्याच्या सेकंदांवर
कुणाचंच काही अडणार नव्हतं.

"कितीला?"
कागदापेक्षा साडेतीन हजार जास्त.
कागदाची घडी उलगडली, त्यांना दाखवली,
जणू त्यांनीच लिहिली होती.
पाचशे उतरले ते. "पट्टा माझ्याकडून."
तीन हजारांचं काय ते भिशीवाल्या शालिनीताईंना सांगेन,
अजून सांगितलेलं नाही.

हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकावर बसले.
बोटं सवयीने दुसऱ्या मनगटावर गेली.
पंधरा सेकंद, गुणिले चार.
ब्याण्णव.
तेवीस वर्षं दुसऱ्यांची मोजली.
लिहायला चार्ट शोधला मी,
खरंच, आजूबाजूला पाहिलं.

आता ड्युटीवर ते लॉकरात असतं,
गॉजमध्ये गुंडाळून, डब्याच्या चमच्याशेजारी.
सकाळी चावी देते, अंगठ्याला कळतं कुठे थांबायचं.
घरी हे विचारतात, किती वाजले?
मोबाईल त्यांच्या हातातच असतो.

शनिवारी सुटताना पाहिलं,
एक मिनिट मागे.
भिंतीवरच्याशी लावून घेणार होते.
राहू दे म्हटलं.